विश्लेषण : फटका अचूक, तरीही फलंदाज बाद… बेसबॉल व्हिडीओ गेमवर खेळाडू का रागावतात?

‘एमएलबी द शो’ हा अमेरिकेतील ‘मेजर लीग बेसबॉल’चा अधिकृत कन्सोल गेम. दर वर्षी हंगामाच्या तोंडावर त्याची नवी आवृत्ती येते आणि तिच्यामागोमाग तक्रारीही येतात. अचूक टोलवलेला चेंडू थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो, क्षेत्ररक्षक ऐन वेळी गोठतो, वेळेवर दाबलेले बटण ‘उशिरा’ ठरते. यात दोष गेमचा किती, बेसबॉलचा किती आणि घरातल्या टीव्हीचा किती?

‘द शो’ला पर्याय का नाही?

सोनीच्या सॅन डिएगो स्टुडिओने ‘द शो’ या नावाने पहिला गेम २००६ मध्ये आणला. त्या काळात स्पर्धा होती. ईए कंपनीचा ‘एमव्हीपी बेसबॉल २००५’ आजही चाहत्यांच्या आठवणीत आहे. मात्र त्यानंतर त्रयस्थ कंपन्यांमध्ये बेसबॉलचा परवाना टेक-टू कंपनीकडे गेला. सोनीसारख्या कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांना त्या करारातून सूट होती. टेक-टूची मालिका ‘एमएलबी २के १३’वर थांबली. तेव्हापासून खरे संघ, खरी मैदाने आणि वास्तवाशी जुळणारा खेळ हवा असणाऱ्याला ‘द शो’च घ्यावा लागतो. २०२१ मध्ये तो एक्सबॉक्सवर आणि २०२२ मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला. ग्राहक वाढले, पर्याय वाढला नाही. क्षुल्लक वाटणारी तक्रारही इथे चिघळते ती यामुळेच.

अचूक फटक्यावर बाद होणे ही गेमची चूक आहे का?

बहुतेक वेळा नाही. फलंदाजी करताना खेळाडू कंट्रोलरच्या स्टिकने पडद्यावरचे एक वर्तुळ चेंडूच्या मार्गात आणतो आणि योग्य क्षणी बटण दाबतो. जागा आणि वेळ दोन्ही जमल्या की पडद्यावर ‘परफेक्ट’ असा शेरा झळकतो. तरीही चेंडू कधी कधी सरळ क्षेत्ररक्षकाकडे जातो.

खऱ्या बेसबॉलमध्येही हेच घडते. होम रन वगळता मैदानात टोलवलेल्या १०० चेंडूंपैकी साधारण ३० चेंडूंवरच फलंदाज सुरक्षितपणे बेसवर पोहोचतो. दहापैकी तीन वेळा यशस्वी होणारा फलंदाज तिथे उत्तम मानला जातो. क्रिकेटमध्ये जोरदार ड्राइव्ह थेट कव्हरच्या हातात गेला, तर आपण फलंदाजाच्या नशिबाला बोल लावतो, पंचांना नव्हे. गेममधून हे नशीब पूर्ण काढले, तर प्रत्येक सामना होम रनची आतषबाजी होईल.

मग तक्रारीत तथ्य काय?

खेळाडूचा आक्षेप नशिबापेक्षा त्यामागच्या हिशेबाबद्दल अधिक आहे. फटक्याचे फळ केवळ बोटांच्या कौशल्यावर ठरत नाही. पडद्यावरील फलंदाजाची ताकद, संपर्कक्षमता असे आकडेही त्यात धरले जातात. गोलंदाजीतही हातवारा निर्दोष जमला तरी चेंडू एका ठरावीक बिंदूऐवजी त्याभोवतीच्या लहानशा क्षेत्रात कुठेही पडू शकतो. पण या हिशेबातला कोणता भाग निर्णायक ठरला, हे खेळणाऱ्याला नीट कळत नाही. त्यातूनच सामना रंगतदार ठेवण्यासाठी गेम मुद्दाम पारडे फिरवतो, असा संशय बळावतो. यंत्राविरुद्ध खेळताना काठिण्यपातळी आपोआप बदलण्याचा पर्याय उघडपणे दिलेला आहे. त्यावर फारसे कोणी चिडत नाही, कारण तो ठाऊक असतो. चीड येते ती न दिसणाऱ्या हाताची.

टीव्हीचा संबंध कुठे येतो?

ताशी १५३ किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून फलंदाजापर्यंत सुमारे ०.४ सेकंदात पोहोचतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये तेवढ्या वेळात फक्त २४ चित्रे सरकतात. टीव्हीने चित्र ५० मिलिसेकंद उशिरा दाखवले, तर त्यातली तीन चित्रे गेली. तोवर चेंडू दिसतो त्यापेक्षा सुमारे दोन मीटर पुढे आलेला असतो. टीव्हीतील ‘गेम मोड’ सुरू केल्यास हा विलंब बराच घटतो. ऑनलाइन सामन्यात इंटरनेटचा विलंब त्यात मिसळतो आणि तो प्रत्येक चेंडूला सारखा नसतो. अशा वेळी ‘उशीर झाला’ हा शेरा खेळाडूला अन्यायकारक वाटतो.

क्षेत्ररक्षक गोठतो का?

हा मात्र गेमचाच दोष. धावणे, वाकणे, वळून फेकणे या हालचाली आधीच तयार केलेल्या चित्रफितींसारख्या असतात. एक सुरू झाली की ती मध्येच तोडणे अवघड जाते. त्यामुळे घाईची वेळ असतानाही क्षेत्ररक्षक निवांत वळतो, आरामात फेकतो आणि धावपटू सुटतो. बेसवर दोन-तीन धावपटू असताना नेमक्या एकालाच पुढे पाठवण्याची कसरतही तशीच. इथे नशिबाची सबब चालत नाही. खेळाडूने निर्णय बरोबर घेतलेला असतो, पडद्यावरचा त्याचा हात ऐकत नाही.

कार्डांचा वाद काय आहे?

‘डायमंड डायनेस्टी’ या प्रकारात आजी-माजी खेळाडूंची कार्डे जमवून संघ बांधायचा असतो. कार्डे खेळून मिळवता येतात किंवा ‘स्टब्स’ या आभासी चलनाने घेता येतात. हे चलन खऱ्या पैशांतही मिळते. पुढच्या वर्षीच्या गेममध्ये मात्र ही कार्डे नेता येत नाहीत. २०२३ च्या आवृत्तीत ‘सेट्स अँड सीझन्स’ ही पद्धत आली आणि वर्षाच्या आतच बहुतेक कार्डांची मुदत संपू लागली. कष्टाने मिळवलेला खेळाडू काही आठवड्यांत बाकावर, यावर मोठी नाराजी उमटली. अखेर २०२५ च्या आवृत्तीत ती पद्धत गुंडाळावी लागली.

कोणत्या सुधारणा शक्य आहेत?

पहिली, प्रत्येक फटक्यानंतर त्याची संभाव्यता दाखवणे. ‘मेजर लीग’ची स्टॅटकास्ट यंत्रणा चेंडूचा वेग आणि कोन पाहून तशा फटक्याला यश मिळण्याची शक्यता मांडतेच. ‘अशा १०० फटक्यांपैकी ७० यशस्वी ठरतात, हा त्या ३० पैकी होता’, एवढी एक ओळ पुष्कळ राग शमवेल. दुसरी, संगीताच्या तालावर खेळायच्या गेममध्ये असते तशी सुरुवातीलाच विलंब मोजणारी चाचणी. तिसरी, बटण पुन्हा दाबल्यास क्षेत्ररक्षकाची संथ हालचाल तोडून झटपट फेक करण्याची मुभा. चौथी, काठिण्याच्या पायऱ्या लहान करणे. ‘सुपर मेगा बेसबॉल’मध्ये ० ते ९९ अशी मोजपट्टी आहे. त्यामुळे एका पातळीवर सहज जिंकणारा पुढच्या पातळीवर एकदम गारद होत नाही.

कंपनी ऐकेल का?

कार्डांच्या बाबतीत दोन वर्षांनी का होईना, ऐकले. पण तिथे नाराजीचा थेट संबंध खर्च करणाऱ्या ग्राहकाशी होता. क्षेत्ररक्षणातील दुरुस्ती वेळखाऊ असते आणि जाहिरातीत उठूनही दिसत नाही. स्पर्धक नसताना ती पुढच्या वर्षावर ढकलणे सोपे जाते. खऱ्या बेसबॉलने मात्र वेगळा धडा दिला आहे. पंचांच्या ‘स्ट्राइक’च्या निर्णयांवरील वाद अनेक दशकांचा. २०२६ च्या हंगामापासून खेळाडूंना अशा निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येते. प्रत्येक संघाला दोन संधी मिळतात, आव्हान बरोबर ठरल्यास संधी शाबूत राहते. पंच तेच आहेत, त्यांच्या चुकाही संपलेल्या नाहीत. फरक इतकाच, की निर्णय तपासून पाहता येतो. गेमच्या खेळाडूंचे मागणेही याहून वेगळे नाही. बाद व्हायला त्यांची हरकत नसते, का बाद झालो ते कळायला हवे.