नऊ, स्वल्पविराम, तीन

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर पितळेची एक रिकामी पुंगळी असते. करंगळीएवढी उंच, खाली जाड आणि वर गळ्याशी बाटलीसारखी निमुळती. तिच्यात पेन्सिल उभी राहते, पण थोडी हलते. लहानपणी आम्ही भावंडे तिची शिट्टी वाजवायचो. तोंडाशी ओठ टेकवून जोरात फुंकले की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई.

ही पुंगळी चाचांची. चाचा चांदा जिल्ह्याच्या जंगलात माग काढायचे. साठच्या दशकात परदेशी पाहुण्यांना शिकारीला नेणाऱ्या कंपन्या होत्या. त्यांतल्या एका कंपनीत ते रोजंदारीवर होते. त्यांच्या डाव्या मांडीवर वीतभर लांबीचा पांढरा व्रण होता. एका पाहुण्याने हलक्या रायफलीने रानडुक्कर जखमी केले आणि तो तंबूत निघून गेला. झुडपात शिरलेल्या त्या जनावराच्या मागे जायचे काम चाचांचे होते. हा किस्सा ते फारसा सांगत नसत. सांगितला तर शेवटी एवढेच म्हणत, ''गोली छोटी, तो रात लंबी.''

पुंगळीच्या बुडावर गोलाकार अक्षरे कोरलेली आहेत. आधी आर. डब्ल्यू. एस., मग नऊ, मग एक स्वल्पविराम, मग तीन, पुढे गुणाकाराची खूण आणि बासष्ट. सहावीत असताना मी तो गुणाकार करून पाहिला होता. त्यातून काही निघाले नाही. नऊ आणि तीन यांच्यामध्ये स्वल्पविराम कशासाठी, हे कोडे तर पुढे पदवी पदरात पडली तरी सुटले नाही. ते सोडवले बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी. जर्मन लोक दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात. म्हणजे ही संख्या नऊ पूर्णांक तीन दशांश. आर. डब्ल्यू. एस. हे बनवणाऱ्या जर्मन कारखान्याचे नाव.

काडतूस हा शब्दही युरोपातूनच, पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की एक पिन टोपीवर आपटते, ठिणगी आत जाते, दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून सुटते. पुंगळी मागे राहते. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो, पण माझ्याजवळ जे आहे ते गोळी गेल्यानंतरचे टरफल आहे.

युरोपात काडतुसाचे नाव मोजमापावरून ठेवतात. पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ९.३ × ६२ म्हणजे गोळी ९.३ मिलिमीटर जाड आणि पुंगळी ६२ मिलिमीटर लांब. याचाच एक भाऊबंद ९.३ × ७४ आर. हा 'आर' बुडाच्या बाहेर आलेल्या काठासाठी. मधून मोडणाऱ्या दुनळी रायफलीत काडतूस आत घसरू नये म्हणून तो काठ लागतो. माझ्या पुंगळीला तसा काठ नाही, नुसती खाच आहे. म्हणजे ती खटका मागेपुढे सरकवायच्या, मॅगझिनच्या रायफलीतली.

हे काडतूस १९०५ साली बर्लिनमधले बंदूककार ओटो बॉक यांनी तयार केले. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींत जाणाऱ्या शेतकऱ्या-मळेवाल्यांना एकच अशी रायफल हवी होती, की जी स्वयंपाकघरासाठी हरीण पाडील, गोठ्यावर आलेल्या सिंहाला अडवील आणि वेळ पडली तर पिकात शिरलेल्या हत्तीसमोरही उभी राहील. इंग्रज साहेबांच्या दुनळ्या हे काम करीत, पण त्यांची किंमत मळेवाल्याला झेपणारी नव्हती. दुसरीकडे जर्मन सैन्याने १८९८ साली स्वीकारलेल्या माउझर रायफलीचे यंत्र लाखांच्या संख्येने बनत होते. ते मजबूत होते आणि स्वस्तही. बॉक यांनी नवी रायफल काढण्याऐवजी या तयार यंत्रात मावेल एवढेच मोठे काडतूस बनवले. बुडाची जाडी लष्करी काडतुसाएवढीच राहिली, एकूण लांबीही मॅगझिनमध्ये बसेल इतकीच. मला यातली खरी हुशारी इथे दिसते. १९१२ साली इंग्रजांचे प्रसिद्ध .३७५ आले. ते याहून जोरकस खरे, पण लांब असल्यामुळे त्याला मोठे, महागडे यंत्र लागे.

शिकारीच्या भाषेत याला मध्यम जाडीचे काडतूस म्हणतात. जिम कॉर्बेट यांची आवडती .२७५ रिग्बी म्हणजे मुळात माउझरचे सात मिलिमीटरचे काडतूस. ते लहान जाडीत मोडते. हत्तीसाठीची .४५० वगैरे मोठ्या जाडीत. मधल्या पट्ट्यात आपले हे ९.३. याची नेहमीची गोळी १८.५ ग्रॅमची, म्हणजे दीड तोळ्याहून थोडी जास्त. सुरुवातीला तिचा वेग सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या आसपास ठेवला होता. आज ७२० पर्यंत जातो, म्हणजे ध्वनीच्या दुपटीहून अधिक. नळीतून बाहेर पडताना तिच्यात जी ऊर्जा असते, तिने क्विंटलभर वजनाचे पोते जवळजवळ पाच मीटर वर उचलता येईल. तरीही रायफलीचा धक्का सामान्य माणसाच्या खांद्याला सोसतो. वेग फार नाही, गोळी मात्र लांब आणि वजनदार आहे, म्हणून हाडाला लागूनही ती आत जात राहते.

गोळीचेही प्रकार आहेत. आत शिसे, बाहेर तांब्यासारख्या धातूचे कवच. टोकाला शिसे उघडे ठेवले तर गोळी शरीरात शिरल्यावर अळंबीसारखी फुलते आणि जनावर लवकर मरते. पूर्ण कवच असेल तर फुलत नाही, सरळ खोलवर जाते. ती हत्ती, रेडा अशा जाड कातड्याच्या जनावरांसाठी. हे लिहिताना माझा हात थोडा अडखळतो. मी आजवर चिमणीही मारलेली नाही.

आणखी एका गोष्टीपाशी मी अडखळलो. ज्या १९०५ साली बर्लिनमध्ये हे काडतूस जन्मले, त्याच साली जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियात, सक्तीच्या कापूस लागवडीविरुद्ध लोक उठले. किन्जिकितिले नावाच्या एका मांत्रिकाने त्यांना मंतरलेले पाणी दिले. ते अंगावर घेतले की जर्मनांच्या गोळ्यांचे पाणी होईल, असा विश्वास होता. स्वाहिली भाषेत पाण्याला 'माजी' म्हणतात. त्यावरून त्या उठावाचे नाव माजी-माजी. गोळ्यांचे पाणी झाले नाही. १९०७ पर्यंत उठाव चिरडला गेला. जाळलेल्या शेतांमुळे आलेल्या दुष्काळात मेलेल्यांची संख्या मिळून मृत्यू लाखांच्या घरात गेले असे इतिहासकार मानतात. ते काम लष्कराच्या बंदुकांचे होते, शिकारीच्या काडतुसाचे नव्हे. पण मळेवाल्याच्या भिंतीवर टांगलेली रायफल कोणाच्या जमिनीवर टांगलेली होती, हा प्रश्न मला या पुंगळीपासून वेगळा काढता येत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या वसाहती गेल्या, काडतूस मात्र राहिले. आज जर्मनीत रानडुकरांच्या हाक्यात ते चालते. स्वीडन-फिनलंडमध्ये घोड्याहून उंच मूस हरणांसाठी ते वापरतात. तिथलेच पुष्कळ शिकारी साडेसहा मिलिमीटरच्या गोळीनेही मूस पाडतात, आणि कॉर्बेट यांनी १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो त्या लहान .२७५ नेच. तेव्हा चाचांचे म्हणणे अर्धेच खरे. नेम नीट असेल तर लहान गोळीही पुरते. पण नेम चुकतो, आणि चुकला की जाड गोळीवाल्याला थोडी सवलत मिळते. ती सवलत साहेबाला मिळते असे आपल्याला वाटते. खरे तर ती जखमी जनावराला आणि त्याच्या मागे जाणाऱ्याला मिळते.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीच्या कंपन्या बंद झाल्या. चाचांची रोजी गेली, पण कायद्याला त्यांनी कधी नावे ठेवली नाहीत. पुढे ते आमच्याकडे राहायला आले, एक ट्रंक आणि ही पुंगळी घेऊन. इतक्या वर्षांत शेकडो पुंगळ्या हातांखालून गेल्या असतील, मग हीच का ठेवली, असे मी एकदा विचारले. तेव्हा मला काडतुसातले काहीच कळत नव्हते. चाचा म्हणाले, एक जर्मन पाहुणा होता, सांबरावर त्याने एकदाच बार टाकला. सांबर जागच्या जागी बसले. मागे जावे लागले नाही. त्या दिवशी ते दिवेलागणीच्या आत घरी पोहोचले होते, आणि चाचीने विचारले होते, आज इतक्या लवकर कसे?