हवी तेवढीच दुबळी गोळी

अमेरिकेतल्या रिव्हॉल्वर नेमबाजांच्या गप्पांत एक गुणाकार हटकून येतो. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, तिचा वेग सेकंदाला फुटांत. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागायचं. येतो तो ‘पॉवर फॅक्टर’. 1984 साली स्थापन झालेली यूएसपीएसए ही संघटना ‘मायनर’ म्हणजे कमी जोराच्या गटासाठी किमान 125 मागते. आता .38 स्पेशलचं कारखान्यातलं नेहमीचं काडतूस घ्या. शिशाची गोळी 158 ग्रेनची, म्हणजे सव्वादहा ग्रॅमची. कंपन्यांच्या तक्त्यातला वेग 755 फूट. उत्तर जेमतेम 119. नापास. मग त्याच वजनाच्या गोळीचं .357 मॅग्नम घ्या. वेग 1235 फूट, उत्तर 195. पास तर झालो, पण हाताला असा हिसका बसतो की पुढच्या लक्ष्यावर नेम धरेपर्यंत प्रतिस्पर्ध्याची दुसरी गोळी सुटलेली असते.

हवं असतं या दोहोंच्या मधलं काहीतरी. तीच गोळी 810 फुटांनी सुटली, तर आकडा 128 येतो. नियमात बसतो आणि बंदूक फारशी उसळत नाही. युद्धासाठी दारूगोळा जितका जोरकस तितका बरा, इथे मात्र नियमाला चालेल अशी सर्वांत दुबळी गोळी शोधायची. त्यासाठी माणसं संध्याकाळी गॅरेजमध्ये प्रेससमोर बसतात आणि आपली काडतुसं आपण भरतात.

काडतुसाचे भाग चारच: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, पोटात दारू, तोंडाशी गोळी. यातली महाग गोष्ट पुंगळी, आणि तीच पुन्हापुन्हा वापरता येते. पिस्तूल रिकामी पुंगळी गवतात भिरकावतं. रिव्हॉल्वर ती सिलिंडरमध्येच सांभाळून ठेवतं, हा त्याच्या मालकाचा छुपा फायदा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, पण त्या प्रकारात हा उद्योग संभवत नाही. तिथली .22 काडतुसं ‘रिमफायर’ असतात. ठिणगी देणारं रसायन पुंगळीच्या काठातच भरलेलं असतं आणि घोडा तो काठ चेपतो, त्यामुळे ती पुंगळी एकदा वाजली की भंगारात.

गोळीसाठी शिसं वापरायचं कारण साधं आहे. ते स्वस्त, जड, आणि 327 अंशांना वितळतं, म्हणजे घरच्या भट्टीतही ओतता येतं. नुसतं शिसं फार मऊ, म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळतात. विकतच्या ओतीव गोळ्यांत शिसं 92, अँटिमनी 6 आणि कथील 2 टक्के हे प्रमाण सर्रास आढळतं. जुन्या ओतकऱ्यांचा आवडता माल मात्र छापखान्यातला. लायनोटाइपच्या धातूत अँटिमनी 12 टक्क्यांपर्यंत असतं. यंत्रं मोडीत निघाली तेव्हा नेमबाजांनी तो धातू हौसेने उचलला. आपल्याकडे खिळे जुळवणाऱ्यांच्या हाताखालून गेलेला धातूही याच तिघांच्या मिश्रणाचा.

अडचण सुरू होते नळीत. रिव्हॉल्वरमध्ये गोळी सिलिंडरच्या कप्प्यातून निघते, कप्प्याच्या अरुंद तोंडातून जाते, मधली बारीक फट ओलांडते आणि मग नळीत शिरते. कप्प्याचं तोंड नळीपेक्षा अरुंद असेल, तर गोळी तिथेच दाबली जाऊन बारीक होते. पुढे नळीत ती सैल बसते, कडेने तापलेला वायू निसटतो आणि शिसं खरवडून नळीच्या आट्यांत चिकटवतो. नवशिके मग आणखी कडक गोळी शोधत हिंडतात. कडकपणापेक्षा माप महत्त्वाचं. नाव .38 असलं तरी या काडतुसाची तांब्याचं कवच असलेली गोळी 0.357 इंचाची असते, आणि शिशाची मुद्दाम 0.358 इंचाची घेतात, ती नळी घट्ट भरून टाकावी म्हणून. मग सगळ्यांनी कवचाचीच गोळी का वापरू नये? एकतर ती महाग. शिवाय घर्षण जास्त असल्याने फार कमी दारूवर ती नळीतच अडकून बसू शकते.

पूर्वी शिशाच्या गोळीला खाचा पाडून त्यांत मेणासारखं वंगण भरत. ते जळून इतका धूर करी की छपराखालच्या रेंजवर चौथ्या-पाचव्या गोळीला लक्ष्यच दिसेना. यावर उतारा ठरला रंगीत लेपाचा. ऑस्ट्रेलियातून आलेला ‘हाय-टेक’ हा त्यातला नावाजलेला. पॉलिमरची पूड अ‍ॅसिटोनमध्ये कालवायची, गोळ्यांवर घालायची आणि चिवड्याला मसाला लागावा तसा डबा गरागरा हलवायचा. वाळल्यावर सुमारे 200 अंशांच्या भट्टीत काही मिनिटं भाजायचं. असे दोन-तीन थर. लाल, हिरव्या, सोनेरी अशा या गोळ्या खेळण्यातल्या वाटतात. त्यांची परीक्षा मात्र निर्दय. अ‍ॅसिटोनने भिजवलेल्या फडक्याने घासायचं. रंग उतरला तर भाजणं कच्चं. मग एक गोळी हातोडीने पार चपटी करायची. लेप शिशाबरोबर पसरला पाहिजे, त्याचे पापुद्रे निघता कामा नयेत.

लेपामुळे धूर आणि हाताला लागणारं शिसं कमी होतं, पण शरीरात जाणारं शिसं थांबतंच असं नाही. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचंच संयुग असतं आणि पुंगळ्या कोरड्या घोळून साफ करताना त्याची धूळ उडते. म्हणून जाणते लोक पुंगळ्या पाण्यात धुतात.

भरतानाही लेपाची मिजास सांभाळावी लागते. पुंगळीचं तोंड नेहमीपेक्षा किंचित जास्त फाकवलं नाही, तर पितळेची कड लेप सोलून काढते. तेच तोंड शेवटी फार आवळलं, तर लेप कापला जातो. कमी आवळलं, तर धक्क्यासरशी शेजारच्या कप्प्यातली गोळी पुढे सरकते आणि सिलिंडर अडतं. प्रायमरही केसभर वर राहून चालत नाही. तो मागच्या पोलादाला घासतो आणि चक्र फिरेनासं होतं.

हे सगळं कशासाठी, ते लुइझियानाचा नेमबाज जेरी मिक्युलेक याने 1999 मध्ये दाखवलं. सहा गोळ्या, सिलिंडर रिकामं करून पुन्हा भरणं आणि आणखी सहा गोळ्या: एकूण 2.99 सेकंद. ही जादू ‘मून क्लिप’ची आहे. पातळ पोलादी चकतीत सहा काडतुसं बसवलेली असतात आणि ती एकदम कप्प्यांत उतरतात. चकती जराशी वाकली की खेळ खलास.

या चकतीच्या पायी एक म्हातारं काडतूस पुन्हा तरुण झालं. .38 शॉर्ट कोल्ट हे एकोणिसाव्या शतकातलं, कधीच विस्मरणात गेलेलं. आठ गोळ्यांच्या रिव्हॉल्वरवाल्यांनी ते उकरून काढलं, कारण आखूड पुंगळी झटकन आत जाते आणि झटकन बाहेर पडते. दुसरं कारण जास्त पोटतिडकीचं. .38 स्पेशलची पुंगळी काळ्या दारूच्या जमान्यातली, पोट मोठं. आजची जलद जळणारी दारू तिच्या तळाशीच राहते. चुकून दोनदा पडली तरी वरून ध्यानात येत नाही आणि बंदूक फुटते. मुळीच पडली नाही, तर प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर थांबते. त्यामागून दुसरी झाडली की नळीचं वाटोळं. म्हणून प्रत्येक पुंगळीत दिवा धरून डोकावणं हा शहाण्यांचा शिरस्ता.

मोठ्या पोटाचा आणखी एक त्रास वेग मोजताना कळतो. बंदूक खाली झुकवून मग वर उचलली, तर दारू गोळीकडे सरकलेली असते आणि वेग सेकंदाला कितीतरी फुटांनी घटतो. उलट केलं तर वाढतो. मोठ्या सामन्यांत पंच खेळाडूच्या काडतुसांतून काही उचलतात, एकातली गोळी उपसून तराजूवर ठेवतात आणि उरलेली वेगमापक यंत्रावरून झाडतात. आकडा 125 च्या खाली गेला, तर खेळाडूला सामना पुरा करता येतो, पण गुण मिळत नाहीत. त्यामुळे अनुभवी लोक 125 वर न थांबता 128-130 पर्यंत भरतात आणि थंडीच्या दिवसांत सामना असेल, तर थंडीतच पुन्हा वेग मोजून घेतात.