मुक्कामाची सहल आणि परदेशी इंग्रजी शिक्षक: दक्षिण कोरियातल्या शाळांकडून काय शिकावं?



मुक्कामाची सहल ठरली की शिक्षक-खोलीत "कुठे जायचं?" यापेक्षा "बरोबर कोण येणार?" यावर जास्त चर्चा होते. दक्षिण कोरियातल्या सरकारी शाळांत या चर्चेत आणखी एक प्रश्न येतो. आपल्या शाळेत जो परदेशी इंग्रजी शिक्षक आहे, त्याला बरोबर न्यायचं का? न्यायचं, तर कोण म्हणून? पाहुणा म्हणून, भाषा शिकवायला, की मुलांवर लक्ष ठेवायला?

आज हाच विषय समजून घेऊ. देश लांबचा आहे, पण मुलांना घेऊन रात्रभर बाहेर राहण्याची जबाबदारी आपल्यालाही ठाऊक आहे.

हे परदेशी शिक्षक कोण असतात?

दक्षिण कोरियाने 1995 साली 'एपिक' नावाची सरकारी योजना सुरू केली. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांतले पदवीधर तिच्यातून सरकारी शाळांत इंग्रजी शिकवायला येतात. भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक भागीदारीचा करार 2010 पासून लागू झाला. त्यामुळे शिक्षक म्हणून पात्रता असलेल्या भारतीयांनाही सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून तिथे जाण्याची वाट उघडली. तेव्हा हा विषय आपल्यातल्या कोणाच्या कामाचाही ठरू शकतो.

या शिक्षकांना तिकडे 'वॉनोमिन सोन्सेंगनिम' म्हणतात. वॉनोमिन म्हणजे मातृभाषा बोलणारा आणि सोन्सेंगनिम म्हणजे गुरुजी. आपल्याकडे मुलं जशी शिक्षकांचं नाव न घेता "सर" किंवा "बाई" म्हणतात, तसंच ते.

त्यांचा करार एक वर्षाचा असतो आणि आठवड्याला साधारण 22 तासिका असतात. व्हिसासाठी गुन्हेगारी नोंद नसल्याचा दाखला आणि आरोग्य तपासणी लागते. वर्गात ते एकटे शिकवत नाहीत, बरोबर कोरियन सह-शिक्षक असतो. वर्गाची खरी जबाबदारी वर्गशिक्षकाची, म्हणजे 'दामिम'ची असते. वॉनोमिन शिक्षक एकेका वर्गावर बऱ्याचदा आठवड्यातून एकदाच जातो. शेकडो मुलं त्याला चेहऱ्याने माहीत असतात, पण नावाने फार थोडी. सहलीचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

मुक्कामाच्या सहली दोन प्रकारच्या

पहिली 'सुहाक योहेंग', म्हणजे अभ्यास-सहल. यातल्या सुहाक शब्दाचा अर्थ विद्याभ्यास. गंमत म्हणजे कोरियन भाषेत गणितालाही सुहाकच म्हणतात, उच्चार तोच. ही प्रथा जपानी राजवटीच्या काळापासून चालत आली आहे. प्राथमिक शाळेची सहावी, माध्यमिक आणि उच्च माध्यमिकचे वर्ग दोन-तीन दिवसांसाठी निघतात. ग्योंगजू, जेजू बेट, सोराक्सान डोंगर आणि राजधानी सोल ही नेहमीची ठिकाणं.

दुसरा प्रकार 'सुर्यनह्वे', म्हणजे शिस्तीचं शिबिर. मुलं युवा प्रशिक्षण केंद्रात राहतात. तिथले प्रशिक्षक कवायत घेतात, दोरीवर चढायला लावतात, गट करून खेळ घेतात. शेवटच्या रात्री शेकोटी आणि मुलांचे गाण्या-नाचाचे कार्यक्रम असतात. काही ठिकाणी मेणबत्त्या पेटवून प्रशिक्षक आई-वडिलांविषयी बोलू लागतो आणि बघता बघता मुलं रडायला लागतात. कोरियन न येणारा शिक्षक गोंधळून जातो. आत्ता हसत होती, आता शंभर पोरं रडतायत, झालं तरी काय? म्हणून कार्यक्रम काय आहे हे त्याला आधी सांगून ठेवावं लागतं.

न्यायचं की नाही? शाळेचं गणित

काही शाळा आग्रहाने नेतात, काही विचारतही नाहीत. यात मान-अपमान नसतो, व्यवहार असतो.

सहावी सहलीला गेली तरी तिसरी ते पाचवीचे इंग्रजीचे तास शाळेत चालूच असतात. वॉनोमिन शिक्षक सगळ्याच इयत्तांना शिकवतो. तो सहलीला गेला तर बाकीच्यांचे तास बुडतात. शिवाय बसमधली जागा, खोली आणि जेवणाचा खर्च मंजूर करून घ्यावा लागतो. करार तासिकांचा आहे, मग रात्री अकरा वाजता व्हरांड्यात उभं राहण्याचा वेळ कोणत्या हिशोबात धरायचा, हाही प्रश्न येतो.

नेण्याच्या बाजूने मात्र एक मोठं कारण आहे. वर्गात चाळीस-पन्नास मिनिटांत एकेका मुलाच्या वाट्याला इंग्रजीचं एखादं वाक्य येतं. सहलीत तोच शिक्षक तीन दिवस शेजारी असतो.

सहलीत इंग्रजी कसं शिकलं जातं?

ग्योंगजूचंच उदाहरण घ्या. हे सिल्ला राज्याचं राजधानीचं शहर. राजांच्या हिरव्या टेकड्यांसारख्या समाध्या, सातव्या शतकातली चोम्सोंगदे नावाची दगडी वेधशाळा, बुलगुक्सा हे बौद्ध मंदिर आणि डोंगरावरचं सोकगुराम लेणं इथे आहे. बुलगुक्सा आणि सोकगुराम 1995 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

बुलगुक्साच्या अंगणात दाबोताप नावाचा दगडी मनोरा आहे. कोरियाच्या 10 वॉनच्या नाण्यावर त्याचंच चित्र असतं. मुलं खिशातून नाणं काढतात, परदेशी शिक्षकापुढे धरतात आणि "टीचर, सेम! सेम!" म्हणून ओरडतात. वाक्य पूर्ण नसतं, पण मुलाला खरोखर काही सांगायचं असतं आणि समोरच्याला ते खरोखर माहीत नसतं. वर्गात असं क्वचित होतं. तिथे शिक्षक ज्या प्रश्नाचं उत्तर विचारतो, ते त्याला आधीच माहीत असतं.

ग्योंगजूच्या संग्रहालयात 771 साली पूर्ण झालेली राजा सोंगदोकची प्रचंड घंटा आहे. ओतताना तिच्यात एका लहान मुलीचा बळी दिला, म्हणून तिच्या नादात आईला मारलेली हाक ऐकू येते, अशी दंतकथा आहे. ही गोष्ट प्रत्येक कोरियन मुलाला येते. "ही काय घंटा आहे, मला सांगा" एवढंच शिक्षकाने म्हणायचं. एक मूल सुरुवात करतं, अडतं, दुसरं शब्द पुरवतं, तिसरं हातवारे करून दाखवतं. शिक्षक विद्यार्थी होतो आणि मुलं शिक्षक होतात. इंग्रजीत कच्चं असलेलं मूलसुद्धा इथे पुढे येतं, कारण गोष्ट त्याची स्वतःची असते.

सह-शिक्षकाने याची थोडी तयारी करून घेतली तर फायदा दुप्पट होतो. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात पाच-सहा शब्द द्यायचे आणि प्रत्येक गटाला एक ठिकाण वाटून द्यायचं. "हे परदेशी सरांना तुम्ही समजावून सांगायचं" एवढीच सूचना. सहलीत वही काढायला लावू नये. वही आली की तास सुरू झाला असं मुलांना वाटतं आणि ती गप्प होतात.

राहणं, जेवण आणि रात्र

मुलं एका मोठ्या खोलीत आठ-दहा जण, उबदार जमिनीवर गाद्या घालून झोपतात. झोपतात म्हणण्यापेक्षा जागतात! खाऊ, गप्पा, 'खरं सांग' नावाचा खेळ, आणि जो आधी झोपेल त्याच्या तोंडाला टूथपेस्ट. शिक्षक व्हरांड्यात फेऱ्या मारतात, मुलं आणि मुली आपापल्या मजल्यावर आहेत ना ते बघतात.

परदेशी शिक्षकालाही बहुधा दुसऱ्या शिक्षकांबरोबर जमिनीवरच झोपायचं असतं. स्वतंत्र खोली मिळेल असं धरून चालू नये. शाकाहारी माणसाने तर आधीच कळवावं, कारण साध्या किमचीतही बहुतेक वेळा खारवलेली मासळी असते. आणि एक नियम कुठल्याही देशातल्या शिक्षकाने पाळावा: मुलांच्या खोलीत एकट्याने जायचं नाही. दार उघडं आणि बरोबर दुसरा शिक्षक हवाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं: जबाबदारी कोणाची?

16 एप्रिल 2014. आनसान शहरातल्या दानवोन हायस्कूलची मुलं इंचॉनहून 'सेवोल' नावाच्या जहाजाने जेजूच्या सहलीला निघाली होती. जहाज कलंडलं आणि बुडालं. एकूण 304 माणसं गेली. त्यांत या एका शाळेचे 250 विद्यार्थी आणि 11 शिक्षक होते.

जहाज कलत असताना ध्वनिक्षेपकावर पुन्हा पुन्हा सांगत होते, "आहात तिथेच थांबा." मुलांनी ऐकलं. ती सूचनाच चुकीची होती. आता त्या जागी कोरियन न येणारा माणूस कल्पून बघा. त्याला सूचना कळणार नाही, ती बरोबर की चूक हे कळणार नाही, आणि मुलांना ओरडून काय सांगायचं तेही येणार नाही. म्हणून कोणताही गट एकट्या परदेशी शिक्षकावर सोपवू नये. यात त्याच्या कुवतीवर अविश्वास नाही. संकटात मुलांच्या भाषेत बोलता येणारा माणूस जवळ लागतो, एवढंच.

या घटनेतली आणखी एक गोष्ट प्रत्येक कंत्राटी शिक्षकाने वाचावी अशी आहे. गेलेल्या शिक्षकांत दोन तरुण शिक्षिका मुदतीच्या करारावर होत्या. दोघी वर्गशिक्षिका. त्यांच्या खोल्या वरच्या मजल्यावर होत्या, जिथून सुटणं सोपं होतं. त्या खाली मुलांकडे गेल्या आणि परत आल्या नाहीत. कायम शिक्षकांचा मृत्यू 'कर्तव्यावर असताना' झाला असं सरकारने मानलं. या दोघींचा नाही, कारण करारावरचे शिक्षक कायद्याने सरकारी नोकर नव्हते! त्यांच्या घरच्यांना तीन वर्षं झगडावं लागलं. 15 मे 2017 ला, कोरियाच्या शिक्षकदिनी, राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी आदेश दिला, आणि मग त्यांना तो मान मिळाला.

परदेशी इंग्रजी शिक्षकही करारावरचाच असतो. मुलं बुडत असताना कोण कायम आणि कोण करारावर, हे कोणी विचारत नाही. नंतर मात्र कागदच बोलतो.

सेवोलच्या आदल्या वर्षी, जुलै 2013 मध्ये, तेआनच्या समुद्रकिनारी एका खाजगी शिबिरात पाच विद्यार्थी बुडाले होते. लाइफ जॅकेटशिवाय त्यांना पाण्यात नेलं होतं. सेवोलनंतर सरकारने काही महिने शालेय सहली थांबवल्या. पुढे लहान गटांच्या सहलींवर भर आला आणि सुरक्षा कर्मचारी बरोबर नेण्याची पद्धत आली. बस निघण्यापूर्वी पोलीस ड्रायव्हरने दारू घेतली नाही ना ते तपासतात, असंही बऱ्याच ठिकाणी होतं.

नोव्हेंबर 2022 मध्ये सोकचो इथे एका दिवसाच्या सहलीत एक विद्यार्थी बसखाली आला. फेब्रुवारी 2025 मध्ये पहिल्या कोर्टाने वर्गशिक्षकाला हलगर्जीपणाबद्दल दोषी धरलं. शिक्षा निलंबित होती, पण देशभरच्या शिक्षकांनी धसका घेतला आणि कित्येक शाळांनी सहली रद्द केल्या. काळजी घेतलेल्या शिक्षकाला संरक्षण देणारी कायद्यातली दुरुस्ती जून 2025 पासून लागू झाली आहे.

एका घरातलं मूल गेलं आणि एक शिक्षक कोर्टात उभा राहिला. दोन्ही बाजूंचं दुःख खरं आहे. पण सहलीच बंद करणं हा त्यावरचा इलाज नाही.

निघण्यापूर्वी कागदावर ठरवायच्या गोष्टी

1. परदेशी शिक्षकाची भूमिका एका वाक्यात लिहावी: "वर्गशिक्षकाला मदत, स्वतंत्र गट नाही."
2. तो कोणत्या कोरियन शिक्षकाच्या जोडीला आहे, हे नावानिशी ठरवावं.
3. सहल कामाचे दिवस म्हणून नोंदवावी. विमा, खर्च आणि जादा तासांचं काय, हे आधी स्पष्ट करावं.
4. सुरक्षेच्या सूचना त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्याव्यात. "बाहेर पडा", "थांबा", "माझ्या मागे या" एवढे तरी कोरियन शब्द त्याला पाठ हवेत.
5. खाणं, आजार, औषधं, झोपण्याची सोय याबद्दल त्याला मोकळेपणाने विचारावं.
6. यायचं की नाही हे त्याला ठरवू द्यावं. नाही म्हणाला तर त्याचा राग धरू नये.

पालकांनी सहलीच्या सभेत "कुठे जाणार, किती पैसे?" याबरोबर "माझ्या मुलाच्या गटाबरोबर रात्री कोण असेल?" हेही विचारावं. शिक्षकाने त्याचा राग मानू नये. उत्तर तयार असेल तर सगळ्यांनाच धीर येतो.

आपल्या शाळांतही संगीताचे, खेळाचे, संगणकाचे मानधनावरचे शिक्षक सहलीला मदतीला येतात. पुढच्या सहलीची यादी करताना त्यांच्या नावापुढे नुसतं "मदतनीस" लिहू नका. काम काय आणि जबाबदारी कुठपर्यंत, तेही लिहा आणि त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्या. अर्ध्या पानाचं काम आहे.