खालून पिशवी काढताना

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडच्या माडिया आदिवासी गावांत पाळी आलेली बाई कुर्माघर नावाच्या वेगळ्या झोपडीत जाऊन राहते. गर्भपिशवीत गाठी असल्या की पुष्कळदा अंगावरून जाणं चार दिवसांत थांबत नाही. आठ-दहा दिवस चालतं, आणि तितके दिवस ती त्या झोपडीत असते. दवाखान्यात येते ती रक्त पार उतरल्यावर. डॉ. राणी बंग यांनी याच जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या पाहणीत ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.

प्रत्येक गाठीला पिशवी काढणं हा इलाज नव्हे. आधी औषधं, सोनोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी, आतल्या अस्तराचा तुकडा तपासून कर्करोग नाही याची खात्री. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या जातात, हे २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या प्रकरणांमुळे साऱ्या महाराष्ट्राला कळलं. पण ज्या बाईला खरोखर गरज आहे, तिची पिशवी पोट फाडून काढायची की खालून, योनीमार्गातून, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. डोक्यावर मोळी, उन्हाळ्यात तेंदूपानांचे पुडे, रोजचं पाणी. पोटावरची जखम नीट भरली नाही तर पुढे तिथे हर्निया व्हायची भीती असते.

पिशवी मोठी असली की पुष्कळ सर्जन पोटाकडे वळतात. मुंबईच्या डॉ. शिरीष शेठ यांनी मोठी पिशवीही खालून निघते, हे आयुष्यभर शिकवलं. त्यात सारं काही क्रमावर आहे.

कमरेत इंजेक्शन देऊन पाय वर बांधले जातात. गर्भाशयाचं तोंड चिमट्यात धरून खाली ओढतात, भोवती गोल छेद. मूत्राशय बोटानं हळूहळू वर सारायचं. इथे घाई केली तर त्यालाच इजा होते. मग मागचा आणि पुढचा पडदा उघडतो. दोन्ही बाजूंचे बंध क्लॅम्पमध्ये घेऊन कापले, बांधले. त्यानंतर गर्भाशयाला रक्त देणाऱ्या दोन्हीकडच्या मुख्य धमन्या. त्या बांधल्याशिवाय पिशवीला सुरी लावायची नाही. बांधल्या की ओढ्याला बांध घातल्यासारखं रक्त ओसरतं आणि पुढचं काम निवांत होतं.

सर्जन पिशवी मध्यावर उभी चिरतात. चिरेत पांढुरकी, कडक गाठ दिसते. तिला चिमटा लावून, पिळा देत ती सोडवतात. एक निघाली की पिशवी थोडी खाली सरकते, मागची दुसरी हाताला लागते. कधी पाचर कापावी तसे तुकडे काढावे लागतात, कधी बाहेरचं आवरण राखून आतला गाभा कोरून काढतात. मोठा गोळा अरुंद वाटेतून असा लहान होत बाहेर येतो. शेवटी वरचे बंध बांधायचे, प्रत्येक टाका कोरडा आहे का पाहायचं, आणि योनीचं वरचं टोक सुरुवातीला बांधलेल्या बंधांना शिवायचं, म्हणजे पुढे अंग बाहेर येण्याची भीती कमी होते.

पिशवी आजूबाजूला चिकटलेली असेल, हलत नसेल, तर पोट उघडावं. त्यात कमीपणा नाही. रक्ताची सोय मात्र आधीच हवी, कारण जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली भामरागडहून दीडशे किलोमीटरच्या वर आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद.

भामरागडजवळच्या हेमलकशाला १९७३पासून लोकबिरादरी प्रकल्प उभा आहे, तिथे शस्त्रक्रियांची शिबिरं होतात. अशा शिबिरांना येणाऱ्या सर्जनांना एवढीच विनंती: पिशवी हलती असेल तर नुसता आकार पाहून पोटाला हात घालू नका, आणि येताना एखाद्या तरुण डॉक्टरला हे काम शिकायला सोबत आणा.