प्रकाशाचा वेग आणि रिट्झ यांची हरकत

प्रकाशाचा वेग त्याच्या उगमाच्या गतीवर अवलंबून नसतो, हे आइन्स्टाइन यांचे १९०५ सालचे गृहीत विद्वानांनी निमूटपणे मान्य केले, असा जो समज आढळतो तो यथार्थ नाही. स्विस शास्त्रज्ञ वाल्टर रिट्झ यांनी १९०८ मध्ये असे प्रतिपादन केले की, धावत्या गाडीतून पुढे भिरकावलेल्या चेंडूला गाडीचा वेग मिळतो, तद्वतच प्रकाशालाही उगमाचा वेग मिळत असावा. आणि पृथ्वीच्या गतीचा प्रकाशाच्या वेगावर परिणाम न आढळलेल्या, मायकेलसन-मोर्ले यांच्या १८८७ च्या प्रयोगाचा उलगडा या कल्पनेनेही होत असल्यामुळे ही हरकत मुळीच क्षुल्लक नव्हती. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, रिट्झ निवर्तले.

१९१३ साली डच ज्योतिर्विद विलेम द सिटर यांनी जोडताऱ्यांची साक्ष काढली: तारा आपल्याकडे येत असताना निघालेला प्रकाश अधिक वेगवान असता, तर त्याने आधी निघालेल्या मंद प्रकाशाला वाटेतच गाठले असते आणि ताऱ्याच्या भ्रमणाचा सारा हिशेब विस्कटला असता, परंतु तसे दिसत नाही. तथापि ताऱ्यांमधील विरळ वायू प्रकाशाच्या मूळ वेगाची खूण वाटेतच पुसून टाकू शकतो, हा भौतिकशास्त्रज्ञ जे. जी. फॉक्स यांचा आक्षेप रास्त होता, किंबहुना माझ्या मते या वादातील तो सर्वांत मोलाचा. म्हणूनच १९६४ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न येथे झालेल्या प्रयोगाचे महत्त्व: प्रकाशवेगाच्या ९९.९७५ टक्क्यांहून अधिक वेगाने धावणाऱ्या पायॉन कणांपासून पुढच्या दिशेने निघालेल्या गॅमा किरणांचा, म्हणजे प्रकाशाच्याच एका प्रकाराचा, वेग, जो रिट्झ यांच्या मते जवळजवळ दुप्पट भरावयास हवा होता, तो प्रकाशाच्या नेहमीच्या वेगाइतकाच भरला.