टच गेला की डिस्प्ले? ओएलईडी पडद्याच्या पोटातील गोष्ट

मोबाइल हातातून पडला की पूर्वी दुरुस्तीच्या दुकानात पहिला प्रश्न येई, "टच गेला की डिस्प्ले?" दोन्हींचे भाव वेगळे असत आणि नुसता टच गेला असला तर काम थोडक्यात भागे. आता मात्र पुष्कळ फोनच्या बाबतीत दुकानदार सरळ सांगतो, "पूर्ण कॉम्बो बदलावा लागेल." यात फसवणूक तर नाही ना, अशी शंका पालकांच्या मनात येणे साहजिक आहे. तिचे उत्तर पडद्याच्या रचनेत आहे. या अंकाच्या विज्ञान सदरात आम्ही तेच समजावून सांगत आहोत.

प्रथम पडद्याला बोट कसे कळते ते पाहू. टचच्या थरात पारदर्शक विद्युत-अग्रांच्या आडव्या आणि उभ्या ओळींची जाळी असते. ती बहुधा इंडियम टिन ऑक्साइड या पदार्थाची करतात. ओळी जेथे एकमेकींना छेदतात तेथे थोडा विद्युतभार साठू शकतो. या क्षमतेला धारिता म्हणतात. आपले शरीर विजेचे वाहक असल्याने बोट जवळ येताच तेथील विद्युतक्षेत्राचा काही भाग बोटाकडे वळतो आणि धारिता किंचित बदलते. एक छोटी चिप सर्व छेदबिंदू सेकंदाला अनेकदा तपासून बदल नेमका कोठे झाला ते शोधते. पेनच्या प्लॅस्टिकच्या टोपणाने किंवा जाड लोकरी हातमोज्याने पडदा का चालत नाही, हे विद्यार्थ्यांना आता सांगता येईल. ही कल्पना तशी जुनी आहे. विमान वाहतूक नियंत्रणाच्या कामासाठी इंग्लंडमधील ई. ए. जॉन्सन यांनी अशा स्पर्श-पडद्याची माहिती १९६५ साली प्रसिद्ध केली होती.

आता प्रश्न असा, की ही जाळी बसवायची कोठे? सुरुवातीच्या फोनमध्ये ती वेगळ्या काचेवर असे आणि ती काच डिस्प्लेच्या वर बसवलेली असे. म्हणून टच वेगळा बदलता येई. पण त्यामुळे पडद्याची जाडी वाढे आणि मधल्या थरांतून परावर्तन होऊन उन्हात चित्र फिके दिसे. एलसीडी पडद्यात पुढे यावर चांगला उपाय निघाला. चित्र दाखवणाऱ्या विद्युत-अग्रांचेच तुकडे करून त्यांच्याकडून आळीपाळीने चित्राचे आणि स्पर्शाचे काम करून घेतले गेले. २०१२ च्या आयफोन ५ मध्ये अशी रचना होती.

ओएलईडीत हे इतके सोपे नाही. १९८७ साली ईस्टमन कोडॅकमधील चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांतून कमी विद्युतदाबावर चांगला प्रकाश मिळवून दाखवला. आजचे ओएलईडी पडदे त्याच मार्गाने पुढे आले. फोनच्या पडद्यात या प्रकाश देणाऱ्या थरांवर ऋणाग्राचा एक सलग पातळ पापुद्रा असतो. तो प्रकाशाला वाट देतो, पण वाहक असल्याने विद्युतक्षेत्राला अडवतो. त्याच्या खाली टचची जाळी ठेवली तर बोटाची चाहूल तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते. म्हणून जाळी ऋणाग्राच्या वरच ठेवणे सोयीचे ठरले.

२०१० मध्ये आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी एस या फोनच्या 'सुपर अ‍ॅमोलेड' पडद्यात वेगळी टच-काच काढून टाकून, ओएलईडीवर झाकण म्हणून असलेल्या काचेवरच जाळी तयार केली होती. पुढे लवचीक पडदे आले आणि झाकणाची काचही गेली. पण झाकणाशिवाय भागत नाही, कारण ओलावा आणि प्राणवायू लागला की हे सेंद्रिय पदार्थ खराब होतात. म्हणून काचेच्या जागी असेंद्रिय आणि सेंद्रिय थर एकावर एक देऊन पातळ कवच करतात आणि त्या कवचावर थेट टचची जाळी घडवतात.

येथे दोन अडचणी येतात. पहिली उष्णतेची. खालचे सेंद्रिय पदार्थ फार तापवून चालत नाही, त्यामुळे जाळीचे सर्व काम कमी तापमानात उरकावे लागते. दुसरी जवळिकीची. जाळी आणि ऋणाग्र यांच्यात केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर उरते. चित्र बदलताना ऋणाग्रावर होणारी विजेची खळबळ जाळीपर्यंत पोहोचते आणि तिच्यातून बोटाचा बारीकसा संकेत चिपला निवडावा लागतो. यावर एक उपाय म्हणजे धातूच्या अतिसूक्ष्म तारांची जाळी. तिच्या तारा प्रकाशबिंदूंच्या मधल्या मोकळ्या जागेतून नेतात. त्या प्रकाशाच्या आड येत नाहीत, विजेला अडथळा कमी करतात आणि इंडियम टिन ऑक्साइडसारख्या वाकवल्यावर तडकतही नाहीत. घडीच्या फोनला हा गुण फार उपयोगाचा आहे.

फायदा उघड आहे : पडदा पातळ, हलका आणि अधिक स्पष्ट. किंमत मोजावी लागते ती दुरुस्तीत. जाळी डिस्प्लेच्याच कवचावर असल्याने ती सुटी काढता येत नाही. तेव्हा अशा पडद्याचा टच बिघडला आणि दुकानदाराने पूर्ण कॉम्बो सांगितला, तर तो खोटे बोलतो असे समजू नये.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. वरची संरक्षक काच या जाळीहून वेगळी असते. तडा गेला असूनही चित्र आणि टच दोन्ही नीट चालत असतील, तर बहुधा तेवढी काचच फुटलेली असते. ती बदलणे शक्य असते, परंतु ती पारदर्शक गोंदाने पक्की चिकटवलेली असल्याने काम नाजूक आहे आणि ते करताना खालचा पडदा जाऊ शकतो. दुकानदाराला हे आधी स्पष्ट विचारावे. फोन देण्यापूर्वी फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून ठेवावेत. पडद्यावर काळा डाग दिसून तो वाढू लागला तर हे काम उद्यावर ढकलू नये. पालकांनी नवा फोन घेताना आणि विश्वस्त मंडळींनी शाळेसाठी टॅब घेताना किमतीबरोबर पडदा बदलण्याचा खर्चही विचारून घ्यावा, अशी आमची विनंती आहे.