दुधाच्या दाढांची जपणूक

दुधाचे दात पडणारच, मग त्यांच्यावर उपचार कशाला, असा समज खेड्यापासून पुण्यासारख्या शहरापर्यंत सर्वत्र आढळतो. समोरच्या दातांपेक्षा मागील दाढांच्या बाबतीत हा समज अधिक हानिकारक ठरतो. वेड्यावाकड्या दातांवरील उपचारांत या दाढांच्या आकाराला विशेष महत्त्व आहे.

मुलाच्या तोंडात एकूण २० दुधाचे दात असतात. त्यांपैकी ८ दाढा होत. दहाव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास त्या पडतात आणि त्यांच्या जागी उपदाढा येतात. उपदाढा मात्र रुंदीने लहान असतात. खालच्या जबड्यातील दुधाची दुसरी दाढ सुमारे १० मिलिमीटर रुंद असते. तिच्या जागी येणारी उपदाढ सुमारे ७ मिलिमीटरची असते. कायमचा सुळा दुधाच्या सुळ्यापेक्षा मोठा असल्याने या शिलकेतील काही जागा तो घेतो. तरीही खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस सरासरी १.७ आणि वरच्या जबड्यात ०.९ मिलिमीटर जागा उरते. दातांची किरकोळ दाटी असल्यास दंतवैद्य योग्य वेळी तार बसवून हीच जागा उपयोगात आणू शकतात.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दुसऱ्या दाढेमागे पहिली कायमची दाढ उगवते. ती कोणत्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नसल्याने अनेक पालक तिलाही दुधाचीच समजतात. तिला योग्य जागी आणण्याचे काम पुढची दुधाची दाढ करते. ही दाढ अकाली काढली गेल्यास कायमची दाढ पुढे कलते, उपदाढेची जागा बळकावते आणि उपदाढ वाकडी येते किंवा हाडातच अडकून राहते.

दुधाच्या दाढांवरील कठीण कवच पातळ असते आणि आतील मज्जा मोठी असते. त्यामुळे कीड लवकर खोलवर जाते. शेजारच्या दाढा एकमेकींना रुंद पृष्ठभागाने टेकलेल्या असल्याने फटीत अन्नकण अडकतात आणि तेथील कीड सहजी दिसत नाही. कीड वेळीच भरून घेणे हाच उत्तम उपाय होय. दाढ काढणे अटळ झाल्यास क्ष-किरण चित्र पाहून, आवश्यक असेल तेथे, मोकळी जागा राखणारे तारेचे साधन बसविले जाते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेतील मुलांच्या तपासणीत दातांच्या विकारांचाही समावेश आहे. पुणे शहरातील दंतमहाविद्यालयांतही मुलांच्या दातांवर उपचार होतात. सहा ते बारा वर्षे वयोगटातील मुलांचे पालक या सोयींचा लाभ घेतील, याकडे शिक्षक व पंचायत सदस्यांनी लक्ष दिल्यास पुढील काळातील दीर्घ व खर्चिक उपचार पुष्कळ अंशी टळू शकतील.